जपानचा अभ्यास जपाननेच करायचा तेव्हा

एखादा देश सरकारी पैशातून स्वतःच्याच संस्कृतीसाठी संशोधन केंद्र काढतो, तेव्हा तिथे नक्की काय होतं? आज आपण एकच उदाहरण घेऊ. क्योतो शहराच्या पश्चिमेला 'निचिबुनकेन' नावाची संस्था आहे. पूर्ण नाव कोकुसाई निहोन बुनका केनक्यू सेंटर, म्हणजे आंतरराष्ट्रीय जपानी संस्कृती संशोधन केंद्र. लांब नावातली अक्षरं उचलून छोटं नाव करायची जपान्यांना सवयच आहे.

ही संस्था निघाली १९८७ साली. तेव्हा पंतप्रधान होते यासुहिरो नाकासोने, आणि संस्थेला त्यांचा भक्कम पाठिंबा होता. आता गंमत बघा. आदल्याच वर्षी याच नाकासोनेंनी जपान हे एकजिनसी राष्ट्र असल्याचं म्हटलं होतं, आणि उत्तरेतल्या ऐनू लोकांनी त्याला जाहीर विरोध केला होता. 'मग आम्ही कोण?' हा त्यांचा साधा प्रश्न. अशा वेळी सरकार संस्कृतीचं केंद्र काढतंय म्हटल्यावर अनेक अभ्यासकांना शंका आली. 'आम्ही जपानी जगावेगळे' असं सांगणाऱ्या पुस्तकांची तिथे लाटच होती. या प्रकाराला 'निहोनजिनरोन' असं नावही आहे. पहिले महासंचालक, तत्त्वज्ञ ताकेशी उमेहारा, हे जपानी संस्कृतीचं मूळ प्रागैतिहासिक जोमोन काळात शोधणारे. त्यामुळे शंका अगदीच हवेतली नव्हती, असं आम्हाला वाटतं.

पण म्हणून बाहेरच्यांनी केलेला अभ्यास निर्मळ असतो का? तसंही नाही. रूथ बेनेडिक्ट यांचं जपानवरचं गाजलेलं पुस्तक १९४६चं. ते युद्धकाळात अमेरिकी सरकारसाठी केलेल्या कामातून आलं, आणि बाई जपानला कधी गेल्याच नव्हत्या! पुढे १९७३ साली जपान सरकारनेच अमेरिकेतल्या दहा विद्यापीठांना प्रत्येकी दहा लाख डॉलर दिले, जपानच्या अभ्यासासाठी. नियतकालिकांचंही असंच. 'मोनुमेंता निप्पोनिका' हे जुनं नियतकालिक १९३८ साली तोक्योच्या सोफिया विद्यापीठात, म्हणजे जेझुइट पाद्र्यांच्या संस्थेत सुरू झालं. युद्धात १९४३ला बंद पडलं, १९५१ला पुन्हा निघालं. पैसा आणि काळ दोन्ही बाजूंना चिकटलेले असतातच.

तर मग निचिबुनकेनचं पुढे काय झालं? प्रचाराचा कारखाना झाला नाही. याचं एक कारण तिथल्या कामाच्या पद्धतीत आहे. तिथे पदवीचे वर्ग नाहीत. एक विषय घ्यायचा, निरनिराळ्या विद्यापीठांतले, निरनिराळ्या शाखांचे लोक बोलवायचे, परदेशी पाहुणे संशोधक मिसळायचे, आणि वारंवार बसून वाद घालायचा. परक्यांनी जपानबद्दल जे जे लिहिलं, ती पुस्तकं ग्रंथालयात मुद्दाम जमवली. चुकीची, चिडवणारी, सगळी. 'जपान रिव्ह्यू' हे इंग्रजी नियतकालिक १९९०पासून निघतं. अशा टेबलावर 'आम्ही जगावेगळे' हे वाक्य फार वेळ टिकत नाही.

आणि आम्हाला सगळ्यात आवडतं ते तिथलं भुताखेतांचं काम. हसू नका! लोकसंस्कृतीचे अभ्यासक काझुहिको कोमात्सु यांच्या पुढाकाराने तिथे 'योकाई', म्हणजे भुतं, पिशाच्चं, विचित्र प्राणी यांच्या नोंदींचा डेटाबेस उभा राहिला. २००२ साली तो सगळ्यांना खुला झाला. जुन्या लोकसाहित्याच्या मासिकांतून वेचलेल्या तीस हजारांहून जास्त नोंदी आहेत, आणि कुठल्या भागातली गोष्ट, कुठे छापून आली, हेही दिलेलं असतं.

कप्पा घ्या. नदीत राहणारा, डोक्यावर पाण्याची बशी असलेला. अख्ख्या जपानचा लाडका, असं आपण समजतो. पण दक्षिणेत क्यूशूकडे तो 'गाराप्पा', हिरोशिमाच्या बाजूला 'एन्को', ओसाकाच्या परिसरात 'गातारो', थेट उत्तरेत आओमोरीला 'मेदोची'. स्वभावही सारखा नाही. मग 'जपानी कप्पा' कुठला म्हणायचा?

पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत, आपल्या श्रोत्यांतही असतील. डेटाबेस जपानीत आहे, पैसे पडत नाहीत. कप्पा हा शब्द काना लिपीत टाईप करा आणि नोंदींमधली प्रांतांची नावं तेवढी वाचत जा.