पिंजऱ्यातला उंदीर आणि त्याचे घरटे

जोयडा तालुक्यात भातकापणीनंतर शेताचा बांध खणला, तर आत उंदराचे बीळ सापडते. वाट वाकडीतिकडी, आणि शेवटी कुरतडलेल्या गवताने मऊ केलेली एक लहानशी खोली. वर रानात शेकरूही काटक्या-पानांचे गोल घरटे उंच फांदीवर रचते. घर बांधणे हा या प्राण्यांचा स्वभावच होय.

या स्वभावाशी वैद्यकाचा काय संबंध, असे कोणी विचारील. शेजारच्या शिमोगा जिल्ह्यात १९५७ साली माकडे मरू लागली व माणसेही तापाने फणफणली. तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने उंदरांच्या तान्ह्या पिलांना नमुने टोचून क्यासनूर वनज्वराचा विषाणू वेगळा केला. जोयड्याच्याच जिल्ह्यात, सिद्दापूर तालुक्यात, २०२४ सालीही या तापाचे रोगी आढळले. रानाच्या कुशीत राहणाऱ्या माणसावर उंदराचे असे ऋण आहे.

प्रयोगशाळेतला उंदीर पिढ्यानुपिढ्या पिंजऱ्यात वाढला, तरी बांधातला स्वभाव त्याने सोडलेला नाही. माणसाला सुखद वाटणारे वीस-बावीस अंश तापमान त्याला थंडीचेच असते. त्याला सुमारे ३० अंशांची ऊब हवी. उघड्या पिंजऱ्यात तो आपले बळ अंग तापविण्यातच खर्च करतो. अशा कुडकुडणाऱ्या जिवावर औषधाची परीक्षा घेतली, तर उत्तर औषधाचे की थंडीचे? मूठभर कागदाच्या पट्ट्या टाकल्या, की तो त्या कुरतडून घरटे रचतो व आत शिरतो. उपाय इतका स्वस्त आहे, की तो न योजण्यास सबब उरत नाही.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी काही उंदीर घरी पाळले व ते पिंजऱ्यातल्या भाऊबंदांहून कोडी लवकर सोडवतात, असे १९४७ साली सांगितले. पुढे १९६४ साली मॅरियन डायमंड यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना खेळणी व सोबत लाभलेल्या उंदरांच्या मेंदूचे बाह्यावरण अधिक जाड आढळले. अशा सोयींनी प्रयोगांचे निष्कर्ष विस्कळीत होतील, ही शास्त्रज्ञांची भीती मात्र दीर्घकाळ टिकली. २००४ साली तीन प्रयोगशाळांत मिळून झालेल्या तपासणीत ती खरी ठरली नाही.

तथापि प्रत्येक सोय हितकारकच असते असे नाही. काही जातींचे नर नव्या आडोशाच्या मालकीवरून एकमेकांना रक्तबंबाळ करतात. म्हणून काय ठेवावे, हे त्या उंदरांकडे पाहूनच ठरवावे लागते. हाताळणीचेही तसेच आहे. शेपटीला धरून उचललेला उंदीर माणसाला भितो. नळीत शिरवून वा ओंजळीत घेऊन उचलला तर ही भीती बरीच ओसरते, असे २०१० साली इंग्लंडमध्ये दिसून आले. ती नळी पिंजऱ्यातच ठेवली, तर तो एरवी तिचा बिळासारखा उपयोग करतो.