दृष्टिहीन मूल आणि अंगणातील खेळ

आमच्या वस्तीतील एका घरी आम्ही गेलो की सात वर्षांचा मुलगा नेहमी बाजेवर बसलेला दिसे. डोळ्यांनी दिसत नाही, पडला-झडला तर काय करायचे, म्हणून आई त्याला भरवीत असे, कपडे घालून देत असे आणि अंगणात मात्र जाऊ देत नसे. माया होती यात शंका नाही. पण त्या मायेने पोराचे हातपाय बांधून टाकले होते.

चूक आमच्याकडूनही झाली. एका कार्यक्रमाला नेताना आम्ही त्याचा दंड धरून त्याला पुढे ढकलत नेले आणि तो पायरीला ठेचाळला. दृष्टिहीनाने आपले कोपर धरायचे आणि आपण अर्धे पाऊल पुढे चालायचे, म्हणजे आपल्या अंगाच्या हालचालीवरून चढ-उतार त्याला कळतो, हे आम्हाला पुढे एका विशेष शिक्षकांनी सांगितले. लहान मुलाचा हात कोपरापर्यंत पोचत नसेल तर त्याने मनगट धरावे.

घरात दोन गोष्टी पाळाव्यात. वस्तूची जागा बदलू नये, बदलल्यास मुलाला सांगावे; आणि दार पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद असावे, कारण अर्धवट दाराची कड नेमकी कपाळावर बसते. जेवताना ताट म्हणजे घड्याळ समजावे: सहाला भात, बाराला भाजी, तीनला वरणाची वाटी. पुष्कळ मुलांना थोडेफार दिसत असते. चकाकत्या स्टीलच्या ताटात पांढरा भात त्यांना उमगत नाही, गडद रंगाच्या ताटात उमगतो. आपला गोंदिया जिल्हा धानाचा, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

सुपात लाखोळी, तूर आणि हरभरा मिसळून निवडायला द्यावे. मुलाला तो खेळ वाटतो आणि बोटे तयार होतात. हीच बोटे पुढे ब्रेल वाचतात. लुई ब्रेल (जन्म १८०९) तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कामाच्या हत्याराने डोळ्याला इजा होऊन अंध झाला आणि १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याने सहा टिंबांची लिपी बसविली. भारतीय भाषांसाठी १९५१ पासून भारती ब्रेल आहे. सहा खळग्यांत चिंचोके ठेवून तिची ओळख घरीच करून देता येते.

मैदानी खेळही अडत नाहीत. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे असतात आणि तो खालून सरपटत टाकतात. २०१२ साली बंगलोरला त्यांचा पहिला टी-२० विश्वचषक भारतानेच जिंकला. घरी चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत बांधला तरी सरपटताना वाजतो. आंधळी कोशिंबिरीत तर डोळस पोरेच हरतात!

बँकेतील नोकरीमुळे आम्हाला नोटांचा खेळ सुचला. शंभरच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ असते. नोट मळली की खूण बोटाला लागत नाही. पण १००, २०० आणि ५०० च्या नव्या नोटांच्या लांबीत चार-चार मिलिमीटरचा फरक आहे, तो सरावाने कळतो. वीसच्या नाण्याला बारा कडा आहेत, दहाचे गोल आहे.

तो मुलगा आता दहा वर्षांचा आहे आणि अंगणात दुकान मांडून बसतो. मागच्या रविवारी आम्ही त्याला मुद्दाम दहाचे नाणे वीसचे म्हणून दिले. त्याने कडेवरून बोट फिरविले, नाणे परत केले आणि उरलेले दहा मागितले.