चित्रफितीतले ‘मौजे मजकूर’

धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात (राजवाडे १९२६ च्या अखेरीस याच शहरी निवर्तले आणि पुढल्याच वर्षी मंडळ स्थापन झाले) ज्यांनी मोडी दफ्तर चाळले आहे, त्यांना ‘मौजे मजकूर’ या दोन शब्दांनी घातलेला घोळ ठाऊक असेल. कारकुनाने गावाचे नाव एकदा लिहिले की पुढे ‘मौजे मजकूर’ आणि ‘सदरहू इसम’ यांवरच त्याचे भागे. कागद वाचे, शाई वाचे. परंतु मधलाच एखादा बंद हाती आला, तर हे मजकूर गाव कोणते, हे वरचा बंद सापडल्यावाचून ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही.

आजचा मोबाइल चित्रीकरण साठवतो ते याच कारकुनी रीतीने. जळगावच्या एखाद्या मंगल कार्यालयाच्या दाराशी वरात आली असता सेकंदाला पंचवीस चित्रचौकटी टिपल्या जातात, आणि त्या साऱ्या सबंध लिहावयाच्या तर कार्ड पाहता पाहता भरेल. म्हणून २००३ साली प्रमाणित झालेली एच.२६४ ही पद्धती एक चौकट पूर्ण लिहिते आणि पुढच्या कित्येक चौकटींत केवळ फरक नोंदवते: मांडव मजकूर, भिंत मजकूर, नवरदेवाचा फेटा मात्र दोन बोटे उजवीकडे. काही चौकटी तर पुढे येणाऱ्या चौकटीचाही हवाला देतात. एवढे धाडस पेशवाईतल्या कारकुनालाही झाले नसते.

नुसते पाहणाऱ्यास याची तोशीस नाही, कारण तो आरंभापासून शेवटाकडे जातो. संकलकाला मात्र अक्षता पडल्या त्या क्षणावर पुनःपुन्हा मागेपुढे यावे लागते, आणि त्याने नववी चौकट मागितली की संगणकास पहिलीपासून सारा हिशेब मांडावा लागतो. मग चित्र अडखळते आणि दोष बिचाऱ्या संगणकाच्या माथी येतो.

यावर उपाय नकलेचा. मोडीचे बाळबोध करावे, जेथे जेथे ‘मजकूर’ असेल तेथे गावाचे नाव घालावे, तशी प्रत्येक चौकट स्वयंपूर्ण करून लिहिणे, हेच रूपांतराचे मर्म होय. ॲव्हिडची डीएनएक्सएचडी (२००४) आणि ॲपलची प्रोरेस (२००७) या लिपी त्याचसाठी घडल्या. जागा मात्र सढळ लागते: सेकंदाला २४ मेगाबिटांचे, तासाला सुमारे ११ जीबी भरणारे चित्रीकरण प्रोरेस ४२२ मध्ये ५५ जीबीच्या घरात जाते. एवढा कागद खर्चला म्हणून चित्र अधिक स्वच्छ होईल, ही समजूत मात्र सर्वस्वी भ्रामक आहे. वाळवीने खाल्लेले अक्षर बाळबोधीत उतरले तरी खाल्लेलेच राहते.

मोबाइलची आणखी एक खोड अशी की तो उजेड पाहून चौकटींचा वेग कमीअधिक करतो, आणि संकलन करताना सनईचा सूर एकीकडे व वाजवणाऱ्याचे ओठ दुसरीकडे जातात. तेव्हा नक्कल करतानाच पंचवीसाचा वेग कायम करून घ्यावा. डिस्कच तोकडी असेल, तर यूट्यूबसाठी अहिराणी गाणी करणाऱ्या पोरांनी लहान आकाराची कच्ची प्रत करावी, तिच्यावर कापाकापी करावी आणि अखेरची प्रत असलावरून काढावी. लग्नसराईत रात्री जेवणापूर्वी रूपांतर लावून दिले की सकाळी कात्री धरता येते. काम गिऱ्हाइकाच्या पदरी पडल्यावर नक्कल खुशाल पुसावी, कार्डावरील असल मात्र दुसऱ्या डिस्कवर उतरल्याची खातरजमा होईतो कोणाच्या हाती देऊ नये.