थकवा डायलिसिसचा की थायरॉइडचा?

मंडळातल्या काही ज्येष्ठांना आम्ही स्वयंसेवक आळीपाळीने हिमोडायलिसिसला नेतो-आणतो. "डायलिसिस म्हटलं की थकवा आलाच," असे घरोघरी ऐकू येते. पण थकवा, थंडी न सोसणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा ही लक्षणे थायरॉइडचे काम मंदावल्यानेही दिसतात. एका आजाराआड दुसरा लपतो आणि गोळीने आटोक्यात येणारा त्रास माणूस उगाच सोसत राहतो.

दोहोंमधला दुवा म्हणजे आयोडीन. थायरॉइड ग्रंथी त्यापासूनच आपले संप्रेरक बनवते. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. पोटात गेलेल्यापैकी सुमारे ९० टक्के लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे निकामी झाली की ही वाट बंद होते. डायलिसिसने काही आयोडीन निघते, पण ते बहुधा आठवड्यातून तीनदाच. आयोडीन फार वाढले की ग्रंथी काम थांबवते, हे वुल्फ आणि चायकॉफ यांनी १९४८ साली उंदरांवरील प्रयोगांत दाखवले. निरोगी माणसाची ग्रंथी काही दिवसांत सावरते; मूत्रपिंडाच्या काही रुग्णांची सावरत नाही.

म्हणून स्वयंपाकातल्या मिठाला घाबरावे का? त्यातले आयोडीन थोडे असते. जास्त आयोडीन येते ते समुद्रशेवाळाच्या गोळ्या, सीटी स्कॅनसाठी टोचायचे काही द्रव, पोव्हिडोन-आयोडीन आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडारोन यांतून. अमिओडारोनच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम, म्हणजे रोजच्या गरजेच्या ५०० पट आयोडीन असते. तरीही ती गोळी मनाने बंद करू नये. आयोडीन टाळण्यासाठी सैंधव आणले तरी सोडियम चुकत नाही. 'लो सोडियम' मिठात बहुधा पोटॅशियम असते. ते डायलिसिसच्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

डॉक्टरांना टीएसएच तपासणीबद्दल जरूर विचारावे. नुसते टी-३ कमी आले म्हणून घाबरू नये. डायलिसिसवर ते थायरॉइड निरोगी असतानाही कमी येते. लेव्होथायरॉक्सिन सुरू झाल्यास ते उपाशीपोटी घ्यावे. कॅल्शियम, लोह आणि जेवणाबरोबरच्या फॉस्फेटच्या गोळ्या यांच्यात व त्यात चार तासांचे अंतर ठेवावे.

आपले आई-बाबा नर्सने विचारले की "फाइन" म्हणून मोकळे होतात. तेव्हा लक्षणे आणि सगळी औषधे, देशातून आणलेल्या पुड्यांसह, कागदावर लिहून सोबत द्यावीत. दुभाषा हवा असल्यास आम्हांस निःसंकोच कळवावे.