टायरमधली हवा आणि २७३ चा आकडा

वायूंच्या गणितांचं सूत्र कोणीही दहा मिनिटांत पाठ करतो: दाब गुणिले आकारमान भागिले तापमान, आधीचं आणि नंतरचं सारखं. चूक सूत्रात होत नाही, त्यात घालायच्या आकड्यांत होते.

समजा, मुंबईत सकाळी २७ अंश सेल्सिअसला पंपावर गाडीच्या टायरमध्ये ३२ पीएसआय हवा भरली. खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत पळून टायरमधली हवा ५७ अंशांवर गेली. (घाट चढायच्या आतच थांबू, वर बाहेरच्या हवेचा दाबही बदलतो.) टायर फारसा फुगत नाही, म्हणून आकारमान कायम धरायचं. आता दाब किती?

घाईत ३२ ला ५७ ने गुणून २७ ने भागलं, तर उत्तर येतं जवळजवळ ६८. म्हणजे टायर फुटायचाच! याच हिशेबाने शून्य अंशाला दाब नाहीसा व्हायला हवा आणि हिवाळ्यात मनालीत एकही गाडी हलायला नको. सेल्सिअसचं शून्य हे पाणी गोठण्याचं शून्य. वायूला त्याचं सोयरसुतक नाही.

वायूचं शून्य कुठे, हे कळायला बराच काळ गेला. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये वाकड्या काचनळीत पारा ओतून दाब आणि आकारमानाचं व्यस्त नातं प्रसिद्ध केलं, पण त्यात तापमानाचा हिशेब नव्हता. तो मांडला पॅरिसच्या जाक शार्लने, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातल्या चार्ल्सने. १७८३ मध्ये हायड्रोजनच्या फुग्यात बसून आकाशात गेलेला हा गृहस्थ आपले प्रयोग छापायच्या भानगडीत पडला नाही. १८०२ मध्ये गे-ल्युसॅकने स्वतःचे प्रयोग छापताना त्याला श्रेय दिलं, म्हणून नियमाला त्याचं नाव राहिलं. आजच्या मोजमापानुसार, दाब कायम ठेवला तर वायू दर अंशाला त्याच्या शून्य अंशावरच्या आकारमानाच्या सुमारे २७३ व्या भागाने फुगतो. उलट मोजत गेलं की उणे २७३ शी पोचतो. केल्विनची मोजपट्टी तिथून सुरू होते.

तेव्हा २७ चे ३०० आणि ५७ चे ३३० केल्विन. वाढ दहा टक्के. ३२ चे ३५.२. हुशार मुलं इथे पेन खाली ठेवतात, आणि इथेच दुसरी मेख आहे. पंपावरचा काटा बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाबच दाखवतो. त्यात वातावरणाचे १४.७ मिळवा: ४६.७. दहा टक्के वाढवा: ५१.४. पुन्हा १४.७ वजा करा: ३६.७ पीएसआय. हे खरं उत्तर. टायर थंड असतानाच हवा तपासा, असं सांगतात ते यासाठी. नुकत्याच धावून आलेल्या गाडीची ‘जास्तीची’ हवा काढणारा टायर निवल्यावर फसतो.

तिन्ही राशी एकदम बदलल्या तरी रीत तीच. समुद्रसपाटीवरून सैल फुगा दहा किलोमीटर वर गेला, की दाब जवळपास चौथाई होतो आणि तापमान २८८ वरून २२३ केल्विनवर येतं. दाब फुगवतो, थंडी आवळते. गुणाकार केला तर फुगा साधारण तिप्पट होतो.

स्वयंपाकघरातल्या सिलिंडरला मात्र हे सूत्र लावू नये. आत बराचसा गॅस द्रवरूपात असतो. वापर होईल तसा द्रव उकळून वरची जागा भरतो, त्यामुळे तापमान तेच असेल तर द्रव संपेपर्यंत दाब जवळपास ढळत नाही. किती उरलाय ते दाब सांगणार नाही. ओलं फडकं फिरवून कुठवर उशिरा वाळतं ते पाहा, किंवा सरळ वजन करा आणि सिलिंडरवर लिहिलेलं रिकाम्याचं वजन त्यातून वजा करा.