पाया खोदण्यापूर्वी घर संगणकावर बांधून पाहा

भंडारा जिल्ह्यात मातीच्या भिंतीची व कवेलूची घरे मागे पडून स्लॅबची घरे वाढत आहेत. पक्के घर हवेच. परंतु एप्रिल-मे महिन्यात स्लॅब दिवसभर तापतो व रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. मग कूलर पहाटेपर्यंत चालतो व बिल वाढते. यावर उपाय पाया खोदण्यापूर्वीच करता येतो. नंतर फारसे हाती राहत नाही.

यासाठी 'बिम' म्हणजे इमारतीची माहितीयुक्त संगणकीय प्रतिकृती उपयोगी आहे. साध्या नकाशात भिंत म्हणजे दोन रेघा. बिममध्ये त्या भिंतीची जाडी, वीट, गिलावा, दिशा ही माहितीही साठवलेली असते. खिडकी हलविली की नकाशा व विटांचा हिशेब आपोआप बदलतो. त्याला जवळच्या ठिकाणच्या हवामानाचे तासागणिक आकडे जोडले की कोणती खोली केव्हा किती तापेल, हे कळते. 'एनर्जीप्लस' हा असे गणित करणारा प्रोग्राम मोफत मिळतो. नागपूर मेट्रोच्या बांधकामात महामेट्रोने बिम वापरले. चार खोल्यांच्या घराला एवढा पसारा नको, उष्णतेचे गणित तेवढे करून घ्यावे.

भंडारा सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे मेअखेरीस व जुलैच्या मध्यास मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. त्यामुळे उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटी छज्जा पुरतो. २१ डिसेंबरला दुपारी सूर्य सुमारे ४५ अंशांवर असतो. त्याच छज्ज्याची सावली दोनच फूट उतरते व हवेसे ऊन आत येते. पूर्व-पश्चिम भिंतींवर ऊन तिरपे येते, तेथे छज्जा फारसा कामाचा नाही. म्हणून घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. दार पूर्वेलाच पाहिजे असल्यास ते आखूड भिंतीत बसते, वास्तूवाल्यांशी वाद नको! पश्चिमेला जिना, न्हाणीघर घ्यावे. गुरांच्या कोठ्याची लांबीही अशीच ठेवावी.

एकमजली घरात सर्वाधिक उष्णता छतातून येते. केंद्राच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत छतातून जाणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे १.२ वॅट आहे. उघडा स्लॅब याच्या सुमारे तिप्पट उष्णता आत सोडतो. संहिता लहान घरांना लागू नसली तरी कसोटी म्हणून वापरावी. इंजिनिअरकडून उघडा स्लॅब, चुना मारलेला स्लॅब व उष्णतारोधक थर दिलेला स्लॅब अशी तीन गणिते मागावीत आणि मे महिन्यातील रात्री दहाचे खोलीचे तापमान ताडून पाहावे. चुना स्वस्त आहे, पण धूळ व पावसाने त्याचा पांढरेपणा जातो. तो दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी मारावा लागतो.