‘रेस्टिट्यूशन’मधला ‘पुन्हा’

मंडळी, आज जुन्या इंग्रजी कायद्यातला एकच शब्दप्रयोग घेऊ : ‘रेस्टिट्यूशन ऑफ कॉन्ज्युगल राइट्स’. मराठीत आपण म्हणतो, वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना. यातल्या ‘पुनर्’वर, म्हणजे मुळातल्या ‘रे’वर लक्ष ठेवा. सगळा वाद तिथंच आहे.

हा शब्द इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांतला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ, पहिल्या जागी परत ठेवणं. नवरा किंवा बायको सबळ कारणाशिवाय घर सोडून गेली, तर दुसऱ्यानं दावा लावायचा आणि न्यायालयानं हुकूम द्यायचा : परत नांदायला जा. न ऐकणाऱ्याला पूर्वी धर्मबहिष्कृत करत. 1813 मध्ये त्याऐवजी सहा महिन्यांपर्यंतची कैद आली. 1857 च्या कायद्यानं असे दावे चर्चकडून सरकारी न्यायालयाकडे गेले. शब्द मात्र तोच राहिला.

इंग्रजांबरोबर हा दावा मुंबईच्या हायकोर्टातही आला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालेलं. पण त्या सासरी गेल्या नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच वाढल्या, शिकल्या. 1884 मध्ये त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी हा दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी 1885 मध्ये तो फेटाळला. त्यांचा मुद्दा साधा होता : हे दोघं एकत्र कधी नांदलेच नाहीत, मग ‘पुन्हा’ स्थापन काय करायचं?

अपिलात हा अर्थ टिकला नाही. 1887 मध्ये हुकूम झाला : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. अखेर 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या.

आता तारखा बघा. इंग्लंडनं या दाव्यातली कैद 1884 मध्येच काढून टाकली होती. 1970 मध्ये तर कायदा करून तिथं हा दावाच बंद केला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 9 मध्ये आजही आहे. म्हणून हा शब्द कुठल्या कागदावर दिसला, तर पिन्हेसाहेबांचा प्रश्न आधी विचारा : परत ठेवायचं म्हणता, पण आधी तिथं होतं काय?